ताईची मोबिलिटी स्कूटर: निवडीपासून बॅटरी बदलण्यापर्यंतच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

ताईसाठी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी, घ्यायचं ठरतंय, म्हणून नोंदी आजपासून. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. घरात वॉकर धरून ती फिरते, पण बाहेर पडलं की थोड्या अंतरावर पाय जड होतात आणि परत यायची ताकद उरत नाही, त्यामुळे हळूहळू तिने बाहेर जाणंच सोडून दिलंय आणि ते मला बघवत नाही. भावोजींचं म्हणणं होतं की सरळ पॉवर व्हीलचेअरच घेऊ, म्हणजे पुढेमागे परत बदलायला नको. म्हणून आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या हालचाली कशा जमतील हे बघणाऱ्या तज्ज्ञांकडे, जाऊन आलो.

त्या बाईंनी फार नीट समजावलं. स्कूटर चालवायला माणसाला स्वतःचं धड सावरून सरळ बसता आलं पाहिजे, दोन्ही हात पुढे करून हँडल वळवता आलं पाहिजे, अंगठा किंवा बोटं सतत दाबून धरता आली पाहिजेत, आणि सीटवर स्वतःहून बसता-उठता आलं पाहिजे. नजर दोन्ही बाजूंना नीट जाते का हेही बघतात. यातलं एखादं जमत नसेल तर जॉयस्टिकवाली पॉवर व्हीलचेअर बरी, तिला बाजूने आधार देता येतो आणि हातही फारसे हलवावे लागत नाहीत. ताईला हे सगळं जमतं, पण सकाळी. संध्याकाळी उजवा हात ढिला पडतो आणि अंग उजवीकडे झुकतं. त्यावर बाई म्हणाल्या, मग जी काही ट्रायल घ्याल ती संध्याकाळीच घ्या, थकलेली असताना. गाडी त्या ताईसाठी निवडायची आहे.

२१ जानेवारी

आज दिवसभर टेप घेऊन मोजमाप. दरवाजे, पॅसेज, लिफ्टचं दार, लिफ्टची आतली खोली, रॅम्प. दरवाजा मोजताना चौकटीची रुंदी घेऊन उपयोग नाही, दार उघडं असताना दाराची जाडी आणि बिजागरी वजा जाऊन जी मोकळी जागा उरते ती धरायची. आणि गाडीची रुंदी म्हणजे नुसती चाकांची नाही, आर्मरेस्ट बाहेर येतात, हाताची कोपरं त्याच्याही बाहेर येतात.

खरी अडचण वळायची आहे. ब्रोशरमध्ये टर्निंग रेडियस लिहिलेला असतो, लहान तीनचाकीला साधारण ८० ते १०० सेंटिमीटर, चारचाकीला १२० च्या पुढे, मोठ्या गाड्यांना अजून जास्त. हा आकडा एका दमात गोल वळायचा आहे, पॅसेजमध्ये भिंत दोन्हीकडून अडवते आणि मग पुढे-मागे करत वळावं लागतं. भाचीने जमिनीवर चिकटपट्टीने गाडीची बाह्यरेषा काढली, तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापला आणि आम्ही तो पॅसेजमध्ये सरकवत वळवून बघितला. तीनचाकीचा पुठ्ठा वळतो, चारचाकीचा कोपऱ्यात अडकतो. लिफ्टमध्ये दोन्ही मावतात, पण बाहेर येताना रिव्हर्स यावं लागणार.

ताईने मात्र एक चांगला मुद्दा काढला. ती म्हणाली, घरात मला गाडी नकोच आहे, घरात मी चालणार, जेवढं चालता येतंय तेवढं चालायचं आहे मला. म्हणजे गाडी दारापाशी उभी राहील आणि दारापासून पुढची. त्याने अर्धा प्रश्न सुटला.

३ फेब्रुवारी

तीन चाकं की चार? ज्याला विचारावं तो आपापली गाडी सांगतो, म्हणून नीट वाचून काढलं.

तीनचाकीत पाय पसरायला जागा जास्त, वळते पटकन, वजनही थोडं कमी. पण पुढे एकच चाक म्हणजे जमिनीला टेकणारे बिंदू तीन, त्यांचा त्रिकोण होतो, आणि माणसाचं वजन त्या त्रिकोणाच्या बाहेर गेलं की गाडी कलंडते. त्रिकोणाची कमजोर जागा पुढचे दोन कोपरे, म्हणजे वेगात वळताना किंवा आडव्या उतारावर पुढे-बाजूला झुकल्यावर. चारचाकीत ते कोपरे भरलेले असतात. याचा अर्थ चारचाकी पडतच नाही असा नाही, वेगात हँडल पूर्ण वळवलं किंवा एक चाक फुटपाथच्या कडेवरून खाली गेलं तर तीही पडते.

ताईचं अंग थकल्यावर उजवीकडे झुकतं. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला, चारचाकी. गाडी घरात आणायचीच नाही तर पॅसेजच्या वळणासाठी स्थिरता का सोडायची.

जाता जाता एक सापडलं ते लिहून ठेवतो, ताईला वाचून दाखवल्यावर ती बराच वेळ त्याबद्दल बोलत होती. अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅलन थीम नावाच्या माणसाने १९६८ साली अशी बॅटरीवर चालणारी छोटी गाडी बनवली, अमिगो नावाची, आणि ती बनवली घरातल्या एका व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस होता म्हणून. म्हणजे या गाड्यांच्या सुरुवातीलाच ताईसारखंच कोणीतरी होतं.

१० फेब्रुवारी

आज रेंजचा हिशेब, म्हणजे एकदा चार्ज केली की गाडी किती लांब जाते. ब्रोशरमध्ये किलोमीटर लिहिलेले असतात ते चाचणीतल्या वापरावरून काढलेले, त्यासाठी आयएसओ ७१७६ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे, तिच्या चौथ्या भागात ऊर्जा किती लागते ते मोजून रेंज काढतात. सपाट कडक जमीन, नवी बॅटरी. आपल्या रस्त्यावर चढ असतो, खड्डे असतात, थांबत-थांबत जावं लागतं.

मी ढोबळ गणित केलं. गाडी, ताई आणि पिशवी मिळून १३० किलो धरू. सपाटीवर टायरचं घर्षण एवढंच ओढायचं, ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास वेग धरला आणि मोटर-गिअरमध्ये वाया जाणारं धरलं तर २४ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर करंट. तीच गाडी १:१२ च्या रॅम्पवर, म्हणजे जेमतेम पावणेपाच अंशांचा चढ, त्याच वेगाने चढवली तर १३-१४ अँपिअर. चौपट! चढ दिसायला किरकोळ असतो, बॅटरीला तो किरकोळ नसतो. त्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर लिहिलेले अँपिअर-तास (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) हे बहुतेक वेळा २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारे असतात, जोरात खेचली तर त्याहून कमीच मिळतात. थंडीत अजून कमी, शून्य अंशाच्या आसपास साधारण पाचवा हिस्सा गेला असं धरायचं. आणि वर्षभराने बॅटरी जुनी झाली की अजून.

म्हणून आम्ही ब्रोशरच्या आकड्याच्या निम्मं धरून चाललोय. ताईला लागतं त्याच्या वर ते निम्मं बऱ्यापैकी असलं पाहिजे, एवढी एकच अट.

चढाच्या कोनाचाही आकडा बघायचा. कोणी अंशात लिहितं कोणी टक्क्यात, १० टक्के म्हणजे साधारण ५.७ अंश, हे गोंधळून चालत नाही. आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते त्यात पिशवी, टोपली, काठी सगळं आलं. मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन गाडी घेतली की चढही कमी आणि रेंजही कमी.

२४ फेब्रुवारी

संध्याकाळची ट्रायल. ताईने दुपारी मुद्दाम आराम केला नाही, थकून गेली, आणि त्यामुळेच जे कळायला हवं होतं ते कळलं.

पहिल्या गाडीला सरळ दांड्याचं हँडल, थ्रॉटल, म्हणजे दाबलं की गाडी चालते तो दांडा, फक्त अंगठ्याने दाबायचं. उजव्या अंगठ्याने दाबलं की पुढे, डाव्याने दाबलं की मागे. ताईचा अंगठा थोड्याच वेळात थरथरायला लागला आणि गाडी हिसके द्यायला लागली. दुसऱ्या गाडीला त्रिकोणी वळणाचं डेल्टा हँडल होतं, त्यात मनगट टेकवता येतं आणि थ्रॉटल अंगठ्याने ढकलण्याऐवजी बोटांनी ओढताही येतं. बोटं थकली की अंगठा, अंगठा थकला की बोटं. फरक लगेच दिसला. हँडलचा खांब तिच्याकडे हवा तेवढा झुकवता येतो का हेही बघायला हवं, कारण हात लांब करून चालवलं की खांदे आधी थकतात.

सीट. गोल फिरणारी असली पाहिजे, ९० अंशाला लॉक होणारी, म्हणजे बाजूने बसून मग पुढे वळता येतं. लॉकची लिव्हर तिच्या बऱ्या हाताच्या बाजूला हवी, म्हणजे डावीकडे, हे विक्रेत्याच्या लक्षात नव्हतं, थेरपिस्ट बाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही विचारलं. सीटची उंची अशी की पाय पूर्ण टेकलेत आणि उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. फार खोल मऊ सीट सुरुवातीला छान वाटते पण त्यातून उठणं कठीण, आणि ताईचं अंग त्यात अजूनच उजवीकडे जात होतं.

गाडीखालची मोकळी जागाही बघितली. छोट्या घडीच्या गाड्यांची चार-पाच सेंटिमीटर असते, उंबऱ्यावरच पोट घासतं. मागे दोन छोटी चाकं असतात ती गाडी मागे उलटू नये म्हणून, ती काढून टाकायची नाहीत, पण ती फार खाली असतील तर रॅम्पच्या सुरुवातीला टेकतात आणि मागची मोठी चाकं हवेत राहतात, तेव्हा रॅम्पवर चढवूनच बघायची.

९ मार्च

ठरली. मध्यम आकाराची चारचाकी, डेल्टा हँडल, हवेचे टायर, १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे २४ व्होल्ट, प्रत्येकी २० अँपिअर-तास. युरोपातलं एन १२१८४ मानक अशा गाड्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग करतं, पहिला घरातला छोटा, तिसरा बाहेरच्या लांब अंतराचा, आपली मधली.

लिथियम घ्यावी का यावर भावोजींशी बरीच चर्चा झाली. वजनाला हलकी, जास्त वेळा चार्ज होते, हे सगळं खरं. गाडी रोज उचलून डिकीत ठेवायची असती तर मी लिथियमच म्हटलं असतं. इथे गाडी उचलायचीच नाही, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीची तब्येत साध्या मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) मला घरी बघता येते, ते माझ्यासाठी मोठं आहे. नंतर कधी बदलायचं झालं तर नुसती बॅटरी बदलून चालत नाही, चार्जर तिच्या जातीचा लागतो आणि कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागाला, चालते का तेही बघावं लागतं.

देण्याआधी टेक्निशियनने छोटं यंत्र जोडून कंट्रोलरची सेटिंग बदलून दिली: सुरुवातीचा झटका कमी, थांबणं थोडं मऊ, रिव्हर्सचा वेग कमी. हे करून मिळतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. विचारून घ्या, खरंच.

१६ मार्च

शिकवणी. आमचा सगळ्यात जास्त वेळ ज्या गोष्टीवर गेला ती सविस्तर लिहितो.

या गाडीला सायकलसारखा दाबायचा ब्रेक नाही. थ्रॉटल सोडलं की मोटरच गाडीला रोखते आणि गाडी उभी राहिली की इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक आपोआप पकडतो. तो ब्रेक करंट मिळाला तरच सुटतो, करंट गेला की स्प्रिंगने बसतो, म्हणजे चावी काढली किंवा बॅटरी गेली तरी गाडी जागची हलत नाही. रचना फार चांगली आहे. पण माणूस घाबरला की मूठ आवळतो, आणि इथे मूठ आवळली की गाडी अजून पुढे जाते. त्यामुळे मोकळ्या जागेत सगळ्यात कमी वेगावर ठेवून आम्ही फक्त एकच करत राहिलो, मी मधेच "सोड!" म्हणायचं आणि ताईने हात उघडायचा. नुसतं समजून घेऊन होत नाही, हाताला ते कळावं लागतं. शेवटी मी काही न बोलता समोर चेंडू टाकला तरी तिचा हात उघडत होता, मग थांबलो.

दुसरं, गाडीवर बसताना आणि गाडीवरून उतरताना चावी बंद. आधी चावी, मग हालचाल. उठताना हँडलला धरून उठायचं नाही, थ्रॉटल तिथेच आहे आणि पिशवीचा पट्टा किंवा बाही अडकली तरी गाडी सुटते. आर्मरेस्टवर जोर द्यायचा.

उतारावर सरळ चढायचं, सरळ उतरायचं, तिरकं जायचं नाही आणि मधे वळायचं नाही. चढताना अंग थोडं पुढे, उतरताना मागे टेकून, वेगाचा नॉब कासवाच्या चित्राकडे, म्हणजे कमी वेगावर.

७ एप्रिल

चार्जिंगचे नियम, फ्रिजवर लावलेत.

बाहेर जाऊन आलं की त्याच रात्री चार्ज, थोडीच वापरली असली तरी. लेड-अ‍ॅसिडला पूर्ण रिकामी करून मग भरायची ही समजूत चुकीची आहे, उलट अर्धवट रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते मग निघत नाहीत. जितकी वरच्या वर भरली तितकी जास्त टिकते. हिरवा दिवा लागेपर्यंत मधेच काढायचं नाही, कारण शेवटचा भाग सावकाश भरतो आणि तोच महत्त्वाचा. साधारण रात्रभर लागते. गाडीबरोबर आलेलाच चार्जर, दुसऱ्या वाहनाचा चालणार नाही. चार्जरवर कापड टाकायचं नाही, हवा खेळती पाहिजे, आणि बाहेर पडायच्या वाटेत गाडी चार्जला लावायची नाही, आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट मोकळी हवी. चार्जर जोडलेला असताना गाडी चालतच नाही, तसा कंट्रोलरमध्ये बंदोबस्त असतो, त्यामुळे सकाळी गाडी हलत नाही असं वाटलं तर आधी पिन बघायची.

मल्टिमीटरने महिन्यातून एकदा व्होल्टेज बघतो, चार्ज संपून काही तास गेल्यावर. भरलेली जोडी २५.४ ते २५.८ दाखवते, २४.४ म्हणजे साधारण निम्मी. बॅटरी किती उरली ते दाखवणारे हँडलवरचे दिवे याच व्होल्टेजवरून चालतात, त्यामुळे चढावर दिवे एकदम खाली येतात आणि सपाटीला परत वर येतात. घाबरायचं नाही, पण कुठल्या चढावर किती खाली आले ते लक्षात ठेवायचं.

२३ जून

पाऊस. गाडी पावसाळी शिंतोडे सहन करते पण पाण्यात उभी ठेवायची वस्तू नाही. हँडलखाली वायरिंग आहे, सीटखाली बॅटरी, मागे मोटर आणि कंट्रोलर. घरी आली की कोरड्या फडक्याने पुसणं, चार्जिंगच्या भोकाचं झाकण बंद आहे का बघणं, ते ओलं असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय पिन लावायची नाही. पाईपने धुवायची नाही, प्रेशर वॉशर तर अजिबात नाही. साचलेल्या पाण्यातून न्यायची नाही, खाली खड्डा किती आहे ते दिसत नाही.

१८ ऑगस्ट

मागच्या डाव्या टायरची हवा सारखी कमी होत होती. गाडी डावीकडे ओढत होती, ताईला वाटत होतं तिचाच हात कमी पडतोय, आणि तिने दोनदा बाहेर जायचंच टाळलं. हे मला फार लागलं. आता हवा दर आठवड्याला बघतो, टायरच्या बाजूला जेवढी पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिली असते त्याच्या आत.

पंक्चर काढताना लक्षात ठेवायचं: या चाकांची रिम बऱ्याचदा दोन भागांची असते, बोल्टने जोडलेली. आधी व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण काढायची, पूर्ण, मगच बोल्ट सोडायचे. हवा असताना सोडले तर रिमचे दोन भाग तोंडावर उडू शकतात. टेक्निशियननेच हे बजावून सांगितलं.

पंक्चर होतच नाहीत असे फोम भरलेले टायर मिळतात. धक्के जास्त बसतात त्यात. ताईला धक्क्यांनी पाय आखडायचा त्रास होतो म्हणून आम्ही हवेचेच ठेवले. ज्याला रस्त्यात एकट्याने अडकायची भीती जास्त, त्याने फोमचे घ्यावेत.

१२ ऑक्टोबर

आज ताई खालीच अडकली, फोन आला, गाडी चालत नाही आणि दिवा लुकलुकतोय. दिवा लुकलुकणं ही भाषा आहे: ठराविक वेळा लुकलुकून थांबतो, परत तेवढ्याच वेळा, आणि किती वेळा त्यावरून बिघाड कुठला ते माहितीपुस्तकात बघायचं. तो तक्ता मी फोटो काढून ताईच्या आणि भाचीच्या फोनमध्ये ठेवलाय. निघालं काय, वॉचमनने गाडी बाजूला ढकलायला फ्रीव्हीलचा खटका ओढला होता आणि पूर्ण परत बसवला नव्हता. खटका नीट बसवला, चावी बंद करून परत चालू केली, गाडी चालू. नुसता खटका बसवून भागत नाही, चावी बंद-चालू करावी लागते.

हा खटका ओढला की ब्रेक मोटरपासून सुटतो, गाडी ढकलता येते आणि तिला थांबवणारं काही उरत नाही. म्हणून उतारावर कधीच नाही, आणि माणूस बसलेला असताना तर कधीच नाही. खटक्याजवळ लाल चिठ्ठी लावली.

१९ जानेवारी २०२५

ताईचा आजार उसळला, बरेच दिवस हॉस्पिटल, मग घरी अंथरुणात. गाडी नुसती उभी. अशा वेळी गाडीकडे कोणाचं लक्ष नसतं आणि बॅटऱ्या मरतात त्या अशाच. पूर्ण भरून ठेवली, चावी काढली, दर महिन्याला परत चार्ज. टायर एकाच जागी दबून राहू नयेत म्हणून थोडी पुढे-मागे केली.

ताई एकदा झोपल्या झोपल्या म्हणाली, गाडी चार्ज केलीस का रे. केली म्हटलं.

३० मार्च

परत सुरू झाली फिरायला, आधी थोडं थोडं. उन्हाच्या आधी, कारण अंग तापलं की एमएसची लक्षणं तेवढ्यापुरती वाढतात, काळी सीटही तापते म्हणून त्यावर फिकट कापडी कव्हर घातलं.

वर्षाची तपासणी करून घेतली. सीटच्या खांबाला ग्रीस, हँडल घडी करायचा लॉक घट्ट आहे ना, पुढच्या चाकांच्या जोडातला खुळखुळाट, वेल्डिंगला कुठे चीर, सगळे बोल्ट. मोटरचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) बघितले, ते झिजतात, फार आखूड झाले की मोटर अडखळते. ब्रेकची चाचणी: उतारावर गाडी उभी करून, चावी बंद, फ्रीव्हीलचा खटका ड्राइव्हवर म्हणजे ब्रेक जोडलेला, आणि मी मागून ढकलून बघितली, हलली नाही.

१२ ऑक्टोबर २०२५

ताई म्हणतेय रॅम्पवर दिवे लाल होतात. चार्जनंतरचं व्होल्टेज २५.५, म्हणजे अगदी छान. इथेच माणूस फसतो, उभ्या गाडीचं व्होल्टेज म्हातारी बॅटरीही चांगलं दाखवते. भार टाकला की खरं कळतं.

मल्टिमीटरच्या क्लिपच्या लांब वायरी, मधे फ्यूज घालून, एकेका बॅटरीला लावल्या आणि मी स्वतः बसून गाडी रॅम्पवर चढवली, भाचीने शेजारून चालत आकडा वाचला. पहिली बॅटरी चढावर १२.१. दुसरी १०.४. दोघींची बेरीज २२.५, म्हणून दिवे लाल. एकच गेलीय, पण बदलायच्या दोन्ही, एकाच कंपनीच्या, एकाच वेळी. जुनीबरोबर नवी जोडली की चार्जर दोघींना मिळून एकच आकडा बघतो, मग एक जास्त भरते, एक अर्धवट राहते आणि नवी पण लवकर जाते.

२ नोव्हेंबर

बॅटऱ्या बदलल्या. आधी सगळ्या वायरींचा फोटो. अंगठी-घड्याळ काढून, पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून, कारण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर जे होतं ते फार वाईट. घेताना डीप सायकलच घेतल्या, मोटारकार स्टार्ट करायच्या बॅटऱ्या थोडा वेळ जोरात करंट द्यायला बनवलेल्या असतात, रोज खोलवर रिकाम्या होणं त्यांना झेपत नाही. टर्मिनलवर व्हॅसलीन, बोल्ट घट्ट, कारण जोड ढिला राहिला तरी चढावर असंच व्होल्टेज पडतं आणि माणूस बॅटरीला दोष देतो. बॅटरीवर आजची तारीख मार्करने लिहिली. जुन्या बॅटऱ्या रिसायकलवाल्याकडे दिल्या, कचऱ्यात नाही, आत शिसं असतं.

रात्रभर चार्ज करून आज परत त्याच रॅम्पवर, त्याच वजनाने, दोन्ही १२.२.

अजून एक काम निघालंय. ताईचा उजवा हात गेल्या काही महिन्यांत अजून कमजोर झालाय, संध्याकाळी बोटांनी ओढणंही जड जातं. टेक्निशियनला विचारलं, थ्रॉटलची दिशा उलटी करून मिळते, म्हणजे डाव्या हाताने पुढे आणि उजव्याने मागे. पुढच्या आठवड्यात तो येतोय. सवय बदलायला वेळ लागणार, "सोड" परत सुरुवातीपासून, तोपर्यंत कमाल वेग खाली आणून ठेवायला सांगितलाय आणि पहिले काही दिवस मी शेजारून चालणार आहे.